अवघड जागा : स्टॉर्मव्हेलच्या दरवाजापासून ब्रह्मपुरीच्या छावणीपर्यंत

आजचा धागा एका पराभवावरून सुचला आहे. पराभव माझा नव्हे, माझ्या मावसभावाचा.

सोलापूर–पुणे महामार्गालगत चिंचोळी एमआयडीसी आहे. तिथल्या एका कारखान्यात तो कामाला आहे. लघुप्रबंधाची टिपणे काढण्यासाठी गेल्या उन्हाळ्यात मी महिनाभर मावशीकडे राहत होते. त्याची दुसरी पाळी सुटून तो घरी येई तेव्हा मध्यरात्र झालेली असे. हातपाय धुऊन, ताट मांडीवर घेऊन तो लॅपटॉपसमोर बसे आणि ‘एल्डन रिंग’ उघडे. एका रात्री मी पाणी प्यायला उठले, तर स्वारी कपाळाला हात लावून बसलेली. विचारले, काय झाले? म्हणाला, “ताई, तासभर नुस्ता मरायलोय. ह्या दरवाजातून आत जाताच येईना.”

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ‘एल्डन रिंग’ २०२२ साली जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने काढला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. याच कंपनीचा २०११ चा ‘डार्क सोल्स’ अनेकांच्या परिचयाचा असेल. या खेळांची ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे : ते अतिशय अवघड असतात. नकाशा हातात देऊन कोणी वाट दाखवत नाही. कोपऱ्यामागे कोण दडले आहे हे कळते ते बहुधा त्याचा वार अंगावर आल्यानंतरच. मेलात की शेवटच्या विसाव्याच्या जागी पुन्हा जिवंत होता आणि तीच वाट पुन्हा चालू लागता. दहाव्या खेपेस कोपऱ्यामागचा भालाईत तुम्हाला पाठ झालेला असतो.

भाऊ अडकला होता तो स्टॉर्मव्हेल नावाच्या किल्ल्यापाशी. या किल्ल्याच्या तोंडाशी गोस्टॉक नावाचा एक लाचार, कुबडा वाटणारा द्वारपाल भेटतो. तो हळूच सांगतो की मुख्य दरवाजावर पहारा कडक आहे, त्यापेक्षा बाजूच्या भगदाडातून कड्याच्या कडेने जा. मुख्य दरवाजाने गेलात तर बाणांचा वर्षाव. कडेच्या वाटेने गेलात तर पाऊल ठेवण्यापुरती दगडी पट्टी आणि खाली दरी. शिवाय पुढे कळते की आपण किल्ल्यात मेलो की हाच गोस्टॉक आपल्या गाठीच्या ‘रून’मधला, म्हणजे कमाईतला, वाटा गुपचूप लाटत असतो.

भाऊ म्हणाला, “तू इतिहासवाली आहेस ना? खरा किल्ला असता तर आपण कसे घुसलो असतो सांग.”

मी सहज उत्तर दिले की खऱ्या किल्ल्यात तू एकदाच मेला असतास. उत्तर देऊन झोपायला गेले आणि झोप काही लागली नाही, कारण प्रश्न वाटला त्याहून खोल होता. (गावाचे नाव चिंचेवरून आले असावे, पण ‘चिंचोळी वाट’ हे दुर्गशास्त्राचे अर्धे सार आहे आणि हा प्रश्न मला चिंचोळीतच पडावा याचे मला अजून हसू येते.)

खेळातली अवघड जागा रचणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते : खेळणारा परत येणार आहे. म्हणून ती जागा शिकवणारी असते. प्रत्येक मरणातून थोडे ज्ञान हाती लागेल अशी तिची बांधणी असते. किल्ला बांधणाऱ्याचे गृहीतक याच्या नेमके उलटे. शत्रूच्या शिपायाला दुसरी खेप मिळणार नाही आणि पहिल्या खेपेस त्याला काहीच ठाऊक नसेल, यावर किल्ल्याची सारी भिस्त असते. दगड, चुना, खंदक ही साधने आहेत. खरी तटबंदी आहे ती शत्रूच्या अज्ञानाची.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर देवगिरीला जावे, म्हणजे आजच्या दौलताबादला. आपल्या महाराष्ट्रात ‘डार्क सोल्स’च्या जवळात जवळ जाणारी जागा कोणती असे मला कोणी विचारले, तर मी बेधडक हेच नाव घेईन. सुमारे २०० मीटर उंचीचा सुटा, शंकूसारखा डोंगर आणि त्याचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून काढलेला. चाळीस-पन्नास मीटरांचा तो उभा कातळ पाहिला की वर चढण्याचा विचारच मावळतो. कातळाच्या पायथ्याशी खडकातच खोदलेला खंदक. त्याआधी एकामागून एक कोट : अंबरकोट, महाकोट, काळाकोट. महाकोटाच्या दरवाजात शिरताच समोर सरळ रस्ता मिळत नाही. वळण, चौक, पुन्हा वळण. हत्तीला धावत येऊन दारावर धडक देता येऊ नये म्हणून ही वळणे आणि तरीही तो पोचलाच तर त्याच्या कपाळासाठी दारावर अणकुचीदार खिळे. ज्या चौकात तुम्ही क्षणभर थबकता, नेमका तोच चौक वरच्या तटावरून चहूकडून दिसतो. ‘डार्क सोल्स’मधल्या सेन्स फोर्ट्रेसमध्ये ज्यांनी वरून गडगडत येणारे दगडी गोळे चुकवले आहेत, त्यांना ही भावना नव्याने सांगायला नको.

खंदक ओलांडला की ‘अंधारी’ लागते. खडकाच्या पोटातून वर चढत जाणारा, वळणावळणांचा काळोखी मार्ग. महाविद्यालयाच्या सहलीत आम्ही तिथे गेलो, तेव्हा वाटाड्याने सर्वांना विजेऱ्या बंद करायला लावल्या. पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक उंच, दुसरी ठेंगणी, त्यामुळे पावलाला लय सापडत नाही. डोक्यावर वटवाघळांची फडफड. माझ्या पुढची मैत्रीण अर्ध्या मिनिटात रडवेली झाली आणि आमच्यावर तर कोणी चालूनही येत नव्हते. जुन्या वर्णनांत असेही आढळते की या मार्गाच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण होते आणि त्यावर विस्तव पेटवून वाट बंद करण्याची सोय होती.

वाटाडे याहून पुष्कळ सांगतात. अंधारीत वाट दुभंगते आणि पुन्हा एकत्र येते, म्हणून दोन बाजूंनी आलेले शत्रूचे शिपाई एकमेकांनाच शत्रू समजून कापून काढत. उजेडाच्या आशेने जो झरोक्याकडे जाई तो थेट खंदकात कोसळे. हे ऐकताना अंगावर काटा येतो. मात्र इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून इथे थांबावेच लागते. अंधारीत अशी कत्तल झाल्याचा एकही समकालीन वृत्तांत माझ्या वाचनात आलेला नाही. जागेची रचना पाहून ‘इथे असे घडले असते’ हे म्हणता येते. ‘असे घडले’ हे म्हणता येत नाही. मियाझाकींनी एका मुलाखतीत सांगितले आहे की लहानपणी ते इंग्रजीतली अद्भुतकथांची पुस्तके वाचत, त्यातला बराच भाग त्यांना समजत नसे आणि ते गाळलेल्या जागा कल्पनेने भरत. त्यांच्या खेळांत कथा तुकड्यातुकड्यांनी येते ती या सवयीमुळे. आपले वाटाडेही तेच करतात. फरक इतकाच की मियाझाकी आपल्या पोकळ्यांना इतिहास म्हणत नाहीत.

आणि गंमत पाहा, जे खरोखर नोंदलेले आहे ते या दंतकथांहून कमी अद्भुत नाही. १३४० च्या दशकात इब्न बतूता इथे आला होता. महंमद तुघलकाने दिल्लीकरांना या गावी आणल्याला तेव्हा दीड दशक होत आले होते. बतूता लिहितो की किल्ल्यावर चढायला चामड्याची शिडी असे आणि रात्री ती वर ओढून घेत. तो इथल्या कैदखान्याच्या विवरांचेही वर्णन करतो. त्या विवरांत मांजरांहून मोठे उंदीर होते आणि मांजरेच त्यांना भिऊन पळत. एका कैद्याची बोटे आणि डोळे उंदरांनी खाल्ल्याची हकीकतही त्याने सुटून आलेल्या दुसऱ्या कैद्याच्या तोंडून ऐकून दिली आहे. अद्भुत खेळांत पहिल्या भुयारात महाकाय उंदीर हटकून का असतात, हे मला ठाऊक नाही. पण देवगिरीच्या भुयारात ते होते, असे एक चौदाव्या शतकातला प्रवासी सांगतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. इतकी अवघड जागा पडली कशी?

१२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी अचानक येऊन धडकला, तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर होते. राजा रामचंद्र किल्ल्यात शिरला आणि दारे लावून बसला. निर्णय योग्यच होता. फिरिश्ता सांगतो की घाईघाईने जी पोती धान्याची समजून किल्ल्यात भरली गेली, ती उघडली तेव्हा मिठाची निघाली. खंदक, कातळ, तट सारे जागच्या जागी होते आणि राजाला तह करावा लागला.

१६३३ मध्ये शाहजहानचा सेनापती महाबतखान याने वेढा घातला. किल्ल्यात निजामशाहीचा कर्ता पुरुष फतहखान, मलिक अंबरचा मुलगा. नुकताच १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ होऊन गेला होता, कोठारे रिकामी होती. विजापूरकरांच्या वतीने रणदुल्लाखान, मुरारपंत आणि शहाजीराजे बाहेरून मोगलांशी झुंजत होते आणि आत रसद पोचवण्याची खटपट करत होते. मोगलांनी सुरुंग लावून बाहेरचे कोट एकेक करून घेतले आणि काही महिन्यांत उपासमारीने फतहखानाला शरण आणले. अंधारीपर्यंत कोणाला लढत जावेच लागले नाही.

म्हणजे जिच्या गोष्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो ती अवघड जागा दोन्ही वेळा अभेद्यच राहिली, आणि किल्ला दोन्ही वेळा गेला. भावाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे झोळीत काय भरलंय ते बघितलंच नाही म्हणायचं.” या एका वाक्यासाठी मी त्याला परीक्षेत पूर्ण गुण दिले असते.

आमच्या सोलापूरच्या भुईकोटाची कथा तर आणखी निराळी. सिद्धेश्वर तलावाच्या काठचा हा दुहेरी तटाचा किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्या भांडणाचे कायमचे कारण होता. या किल्ल्यासाठी लढाया झाल्याच. तथापि चांदबिबीचा विवाह अली आदिलशाहाशी झाला तेव्हा सोलापूर विजापूरकडे आले ते हुंडा म्हणून. तोफेने जे साधले नाही ते अक्षतांनी साधले.

किल्ल्याची खरी फट दगडात नसून माणसात आणि कोठारात असते, हे आपल्या पूर्वजांना पुरेपूर कळलेले होते. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमारास लिहिले गेले. त्यातले दुर्गप्रकरण वाचावे. आजच्या भाषेत तो खेळाच्या नकाशाचा मूळ आराखडाच आहे. आधी पाणी पाहावे, मग किल्ला बांधावा. एकच दरवाजा असणे हा दोष, म्हणून आणखी दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात. दरवाजा खालून माऱ्यात येऊ नये, पुढे बुरूज देऊन त्याची वाट वळती करावी. पण दगडांइतकाच त्यांचा भर माणसांवर आहे : गडावर कोणाला नेमावे, त्याच्यावर नजर कशी ठेवावी, त्याला एका जागी फार काळ का राहू देऊ नये. सभासदाच्या बखरीतही शिवकालीन गडावर हवालदार, सरनौबत आणि सबनीस असा कारभार वाटून दिलेला दिसतो. एकट्याच्या हाती गड विकता येऊ नये, हा त्यातला उघड हेतू. थोडक्यात, हरेक किल्ल्यात एक गोस्टॉक असणार हे धरूनच ही घडी बसवलेली होती.

हिरकणीची कथा घ्या. ती आख्यायिका आहे, तरी तिच्यातली समज पाहण्यासारखी आहे. गवळण रात्री ज्या कड्याने उतरली तिथे महाराजांनी बुरूज बांधला. खेळणाऱ्याने चोरवाट शोधावी आणि कंपनीने पुढच्या ‘अपडेट’मध्ये ती बुजवून टाकावी, तसाच हा प्रकार.

अमात्यांचे दुर्गप्रकरण केवळ शास्त्र म्हणून लिहिलेले नाही. त्यामागे स्वानुभव आहे. तो अनुभव त्यांना कोणी दिला हे पाहण्यासाठी आपल्याला पुन्हा सोलापूर जिल्ह्यात यावे लागेल. चिंचोळीहून दुचाकीने तास-दीड तासात मंगळवेढा तालुक्यातले भीमाकाठचे माचणूर आणि ब्रह्मपुरी गाठता येते. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे हिंदुस्थानच्या बादशहाचा मुक्काम इथे होता. ब्रह्मपुरीचे नाव बदलून त्याने इस्लामपुरी ठेवले होते. ज्या औरंगजेबाने १६३६ मध्ये कोवळ्या वयात दख्खनचा सुभेदार म्हणून दौलताबादचा कातळ जवळून पाहिला होता, तोच आता भीमेच्या काठी म्हातारा झाला होता.

१९ ऑक्टोबर १६९९ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, तो ब्रह्मपुरीहून स्वतः निघाला. कुटुंबकबिला आणि जडजोखीम मागे छावणीत ठेवली. मराठ्यांचे डोंगरी किल्ले एकेक करून घ्यायचे, असा संकल्प होता. वर मी म्हटले की किल्ला घेणाऱ्याला दुसरी खेप मिळत नाही. शिपायाच्या बाबतीत ते खरेच आहे. मात्र बादशहाजवळ इतके शिपाई आणि इतका खजिना होता की त्याला हव्या तितक्या खेपा मिळणार होत्या. मरत होते ते दुसरे. दख्खनच्या इतिहासात ‘एल्डन रिंग’च्या खेळाडूइतके भाग्य कोणाला लाभले असेल तर ते याला.

पहिला किल्ला सातारा. डिसेंबर १६९९ मध्ये वेढा पडला. १३ एप्रिल १७०० ला मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात गडावरचे काही लोक गाडले गेले. त्यातला किल्ल्याचा हवालदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यातून जिवंत निघाला, असे ग्रँट डफ नोंदवतो. दुसऱ्या स्फोटाने तट ढासळला तो मात्र बाहेरच्या बाजूला, हल्ल्यासाठी खाली दाटीने उभ्या असलेल्या मोगल सैन्यावर. सुमारे २,००० माणसे तिथल्या तिथे गेली. तरीही साताऱ्याने आठवडाभरात दार उघडले, कारण मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले होते आणि गडाचा धीर खचला होता. म्हणजे इथेही निकाल लावला तो तटाबाहेरच्या गोष्टीने.

पावसाळा घालवायला बादशहा माणदेशाकडे वळला. सांगोला तालुक्यातल्या खवासपूरला माण नदीकाठी त्याची छावणी पडली. ऑक्टोबर १७०० च्या पहिल्याच रात्री नदीला अचानक पूर आला. आरडाओरडा ऐकून औरंगजेबाला वाटले, मराठेच छावणीत शिरले. घाईने उठताना तो अडखळून पडला, गुडघा निखळला आणि पुढे आयुष्यभर थोडा लंगडत चालला. खुशमस्कऱ्यांनी त्यातही वारसा शोधला : तैमूरलंगाच्या वंशजाला हे शोभतेच, म्हणाले. माणच्या पुराने केलेली ही जखम मला साताऱ्याच्या सुरुंगाहून बोलकी वाटते. वीस वर्षे दख्खनमध्ये मुरलेला हा माणूस अंधारात कसलाही आवाज झाला की काय समजत होता, ते त्या एका क्षणात दिसते.

१७०१ मध्ये पन्हाळा मिळाला. त्यानंतर विशाळगड. हा वेढा १७०१ च्या अखेरीस सुरू होऊन जून १७०२ पर्यंत चालला आणि अखेर परशुरामपंतांनी रक्कम घेऊन गड खाली केला. बादशहाच्या दरबारात आनंदीआनंद. पण दिवस जूनचे होते. ज्यांनी सह्याद्रीचा पाऊस पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. विशाळगडाहून पन्हाळ्यापर्यंतच्या जेमतेम ५० किलोमीटरांच्या वाटेला फौजेला ३८ दिवस लागले. उंट, बैल, हत्ती चिखलात रुतून मेले, ओढ्यांना उतार मिळेना, तंबू वाहून गेले. मराठ्यांनी गड विकला होता, पण नेमका कोणत्या महिन्यात विकला ते पाहा.

याला फितुरी म्हणावे की डावपेच, यावर अभ्यासकांत दुमत आहे. सर्वच प्रकरणांना मुत्सद्देगिरीचा मुलामा देणे मला पटत नाही. काही किल्लेदार निव्वळ लोभाने वळले असतील. मात्र एकंदर हिशेब डोळ्यांत भरण्यासारखा आहे. गडाने महिनोन्‌महिने बादशहाला खोळंबून ठेवायचे, त्याचा हंगाम खायचा आणि पावसाच्या तोंडावर पैसे घेऊन सुखरूप बाहेर पडायचे. ज्या परशुरामपंतांनी विशाळगड सोडला, तेच पुढे ताराबाईंच्या बाजूने गड परत घेणाऱ्यांत आघाडीवर दिसतात. पैसे मोजून पुढचा टप्पा उघडता येतो अशा खेळांना आपण नाक मुरडतो. बादशहा तेच करत होता आणि त्याच्या पैशांवर समोरच्यांची पुढची तयारी चालली होती.

लढून, शिडी लावून घेतलेला गड म्हणून या मोहिमेत तोरण्याचे नाव घेतले जाते. मार्च १७०४, रात्रीची वेळ, अमानुल्लाखानाची माणसे दोरांच्या शिड्यांनी कड्यावर चढली. घेतलेल्या गडांना बादशहा नवी नावे देई. साताऱ्याचे आजमतारा, सिंहगडाचे बक्षिंदाबख्श, विशाळगडाचे सख्खरलना, तोरण्याचे फुतूहुल्गैब. नावे कागदावर राहिली. १७०५ पासून मराठ्यांनी गड परत घ्यायला सुरुवात केली आणि १७०७ मध्ये अहमदनगरला औरंगजेबाने डोळे मिटले तेव्हा पाच-सहा वर्षांच्या मोहिमेची कमाई वाळूसारखी ओघळून चालली होती.

‘डार्क सोल्स’ आणि ‘एल्डन रिंग’ खेळणाऱ्यांना इथे एक नियम आठवेल. विसाव्याच्या जागी बसलात की तुमच्या जखमा भरतात, पण त्याच क्षणी तुम्ही मारलेले बहुतेक शत्रूही पुन्हा उभे राहतात. औरंगजेबाच्या प्रत्येक पावसाळी मुक्कामाचे हेच झाले.

हे सारे मी भावाला दोन-तीन रात्रींत तुकड्यातुकड्यांनी सांगत होते. तो मधेच थांबला आणि म्हणाला, “ताई, म्हणजे ह्या गेममध्ये आपण औरंगजेब आहोत की.”

मी याआधी असा विचार केला नव्हता. खेळात आपण नेहमी बाहेरून येतो. किल्ला आपल्याला अडवण्यासाठी असतो, आतले लोक म्हणजे अडथळे. त्यांना घर नसते, कोठार नसते, मिठाची पोती निघाल्यावर काय करायचे हा प्रश्न नसतो. पुण्यातल्या कंपनीने २०२० मध्ये काढलेली ‘राजी’ आपल्या मातीतली, सुंदर कृती आहे. तरी तिथेही नायिका भावाच्या शोधात परक्या कोटांतून वाट काढत जाते. दार राखणाऱ्याच्या बाजूने अवघड जागा दाखवणारा खेळ मला पाहायचा आहे. धान्य पुरेल का, पाणी किती दिवस आहे, पूर्वेच्या दिंडीवरचा माणूस विश्वासाचा आहे का, हेच ज्यात डाव असतील.

आणि आपणही इतिहास असाच सोयीच्या बाजूने वाचतो. ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी मालुसरे सिंहगडाचा कडा रात्री चढले. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने ६० माणसांनिशी पन्हाळा रात्रीच घेतला. तेव्हा आपण चढणाऱ्यांत असतो, श्वास रोखून. १७०४ च्या तोरण्यावरही तीच रात्र, तसाच कडा, तशीच दोराची शिडी. तिथे आपण वर झोपलेल्यांत असतो, म्हणून ती गोष्ट आपण सांगत नाही. जाता जाता, सिंहगडाच्या घोरपडीची गोष्ट पोवाड्यातून आली आहे. १६९४ च्या सुमारास लिहिणाऱ्या सभासदाकडे घोरपड नाही. त्याच्याकडे वानरासारखे कडा चढणारे मावळे आहेत, आणि मला ते अधिक आवडतात.

आत आणि बाहेर यांच्यामध्ये आणखी कोणी तरी असते, त्यांचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही. बादशहाची छावणी म्हणजे चालते शहर होते. जिथे ती चार वर्षे बसली त्या भीमाकाठच्या गावांनी तिला काय पुरवले असेल? वैरण, धान्य, सरपण, बिगारीची माणसे. इटालियन प्रवासी मनुची १७०२ ते १७०४ या काळातल्या अवर्षणाने आणि साथीने दख्खनमध्ये वीस लाखांहून अधिक माणसे गेल्याचे लिहितो. आकडा मोजून काढलेला नाही, पण विध्वंसाचा अंदाज त्यातून येतो. किल्ल्यांच्या कथांत या माणसांना चेहरा नाही. खेळातल्या वाटेवर ओसाड गावे लागतात, मोडकी घरे दिसतात, आणि आपण तिथे कामाच्या वस्तू शोधून पुढे जातो.

महिना संपण्याआधीच्या रविवारी आम्ही दोघे माचणूरला गेलो. सिद्धेश्वराचे दर्शन घेतले आणि भीमेकाठच्या किल्ल्याच्या तटावर चढलो. नदीला पाणी बेताचेच होते. पलीकडच्या काठावर कोणी म्हशी धूत होते. भाऊ बराच वेळ बुरुजावर उभा राहून उत्तरेकडे पाहत होता. मला वाटले, बादशहाचा तंबू कुठे असेल याचा विचार करतो आहे. तो म्हणाला, “आपलं घर त्या अंगाला. म्हणजे त्यांची माणसं वैरणीला आपल्याकडंच येत असणार.”

परतताना मी त्याला गोस्टॉकचे काय झाले ते विचारले. चोरी कळल्यावर त्याने त्याला मारून टाकले होते. मी म्हटले, औरंगजेबाने त्याला मारले नसते, पैसे देऊन ठेवून घेतले असते.

गाडी चालवता चालवता तो म्हणाला, “आणि पावसाळ्यात तो परत मराठ्यांकडं गेला असता.”